पडवीतली रेघ

अक्का,

काल तुमचं तेरावं झालं. आलेगेले सगळे आज सकाळच्या एसटीने आपापल्या गावी गेले. दुपारी मी ताट वाढून घेतलं, चुलीपाशी बसले, भाकरी मोडली आणि तशीच उठले. मोडलेली भाकरी पुन्हा दुरडीत ठेवली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीण, त्या भाकरीनं काय घोडं मारलंय तुजं?"

समोर कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून घास उतरेना. आणि हे मी म्हणावं! समोर बसू नका म्हणून तुमच्या अंगावर ओरडलेली मीच.

शाळेची एक जुनी वही काढली आहे आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. पडवीच्या दारात बसले आहे. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. मी वह्या तपासत असले की तुम्ही आत डोकावून विचारायचात, "झालं का न्हाई तुजं गिरबडून?" हेही गिरबडणंच समजा. तोंडाने बोलायला आठ वर्षं होती, तेव्हा माझी जीभ फक्त भांडायला वळली.

या घरात मी धाकटी जाऊ म्हणून आले ती तळेगाव दाभाड्याहून, मामाच्या घरून. आईबाप लहानपणीच गेलेले. सातवीची फायनल पास होते, चाकणच्या अलीकडच्या या गावात शाळेवर नेमणूक झाली होती, आणि या दोन गोष्टींचा मला भलता ताठा होता. घरची रीत अशी की आधी पुरुषमाणसं जेवायची, मग पोरंबाळं, शेवटी बायका. सासूबाई माझ्या आधीच गेलेल्या, म्हणजे बायका दोनच, तुम्ही आणि मी. पहिल्याच दिवशी तुम्ही मला वाढलंत आणि स्वतःचं ताट न घेता माझ्यासमोर बसलात. एक गुडघा वर, त्यावर दोन्ही हात, डोळे माझ्याकडे. मला वाटलं, नव्या नवरीचं कौतुक असेल. दुसऱ्या दिवशी तेच. महिना झाला तरी तेच.

एरवी तुमचे हात कधी मोकळे नसत. दारात आलेल्या माणसाची चौकशी करताना तुम्ही शेंगा फोडायचात. थोरल्या भाऊजींशी भांडतानासुद्धा तुमचं भाजी निवडणं थांबत नसे, उलट वेग वाढायचा. पण मी जेवायला बसले की सूप बाजूला. हे माझ्या लक्षात आलं होतं, फक्त त्याचा अर्थ मी उलटा लावला.

माझी मामी अशीच समोर बसायची. मी दुसरी भाकरी घेतली की तिच्या भुवया वर जायच्या. तिसरीला हात लावायची माझी छाती कधी झाली नाही. जेवताना समोर बसलेली बाई म्हणजे पहारा, एवढंच मला ठाऊक होतं.

कांदा काढणीचे दिवस होते. शाळा सुटल्यावर मीही शेतात आले होते. कंबर मोडलेली, भूक कडकडून लागलेली. घरी येऊन जेवायला बसले, दुसरी भाकरी उचलली आणि तुम्ही जरा पुढे वाकलात. माझ्या वाटीतलं कालवण संपलं का ते बघायला वाकलात, हे मला आज कळतं. तेव्हा माझा भडका उडाला.

"अक्का, मी किती खाते ते मोजायचं असेल तर दुरडीतल्या भाकरी मोजा. माझं तोंड बघू नका!"

तुम्ही कालवणाचं पातेलं माझ्याजवळ सरकवलंत आणि उठून गोठ्यात गेलात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला वाढून बाहेर जायला लागलात. मला वाटलं मी जिंकले. एकटी बसून जेवायचे आणि भिंतीपलीकडून तुमचा म्हशीशी बोलण्याचा आवाज ऐकू यायचा. म्हशीसमोर बसलेलं तिला चालत होतं.

दोन वर्षांनी कुशीचा जन्म झाला. बाळंतपणाला माहेर नव्हतं. मामीने दोन ओळींचं पत्र पाठवून हात झटकले. सगळं तुम्हीच केलंत. चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या अंगात कणकण होती, अन्नावर वासना नव्हती. तुम्ही खिरीची वाटी माझ्याजवळ ठेवलीत आणि बाहेर न जाता उंबऱ्याशी बसलात. माझ्याकडे पाठ करून.

"अक्का, अशा पाठ करून का बसलात?"

"तूच म्हनली व्हतीस न्हवं, त्वांड बघू नगा म्हून? मग पाठ केली."

इतकी हसले मी, की पोट धरावं लागलं. "वळा इकडे," म्हटलं. तुम्ही वळलात, गुडघा वर घेतलात, हात त्यावर ठेवलेत, आणि मी खीर संपवली. त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत. "मी हितं आले तवा तेरा वरसांची व्हते. समद्यांचं झालं का चुलीकडं त्वांड करून खायाचं, पाठीमागं सासू भांडी आदळतीया. धा वरसं तशी जेवले. पोटात गेलं का घशात आडकलं, येका मानसानं बघितलं न्हाई. म्हून तू आलीस तवा म्हनलं, हिला तसं नगं."

त्यावर मी काय म्हणाले, आठवतं? "खीर जरा जास्तच गोड झालीय." माफी मागायची सोडून खिरीला नाव ठेवलं. आणि एक साधा प्रश्न माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही. माझं जेवण झाल्यावर तुम्ही तुमचं ताट घ्यायचात, आणि मी हात धुऊन वह्या घेऊन बसायचे. मग तुमच्यासमोर कोण बसायचं, अक्का?

कुशी थोडी मोठी झाली आणि मी शाळेत पुन्हा रुजू झाले. पोर तुमच्या मांडीवर वाढली. तुम्हाला मूल झालं नाही. गावाने त्यावरून काय काय ऐकवलं, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. कुशी 'आई' म्हणायच्या आधी 'मोठी आय' म्हणायला शिकली, तेव्हा मी चार दिवस घुश्श्यात होते. तुम्ही समोर बसून तिला जेववायचात. ती तीन वर्षांची झाली तशी तुम्ही जेवायला बसलात की तीही तुमच्यासमोर येऊन बसायला लागली. इवलासा गुडघा वर, त्यावर हात, तोंड अगदी गंभीर. आम्ही हसायचो. या घरात तुमच्यासमोर बसलेलं पहिलं माणूस ते.

तोवर यांना पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात काम लागलं होतं. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचे आणि सुट्टीला सायकलने घरी यायचे. घर तुम्ही, भाऊजी, मी आणि कुशी, एवढंच. चांगलं चाललं होतं. मी पोटभर जेवत होते. मामीच्या घरी मला जे कधी जमलं नाही ते तुमच्या घरी जमलं, आणि त्याचं श्रेय मी शाळेच्या नोकरीला देत होते.

मग तुम्हाला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं, पदराला तांबडा डाग दिसायचा. मी विचारलं तर म्हणालात, पानाचा डाग आहे. तुम्ही जन्मात पान खाल्लं नव्हतं. खोटं बोलायचं तर नीट तरी बोलायचं, अक्का. पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. पाच महिने तुम्ही इस्पितळात काढलेत.

दर रविवारी मी तिथे यायचे. आत फार वेळ थांबू देत नसत. मी बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसून डबा उघडायचे, कारण परतीची एसटी उशिराची असायची. एकदा घास तोंडात घालताना वर बघितलं तर तुम्ही खाटेवरून उठून खिडकीशी आलेल्या. गजांना धरून मी जेवते ते बघत होतात. मला बोटाने खूण केलीत, सावकाश खा म्हणून. त्यानंतर दर रविवारी तुम्ही तिथे उभ्या असायचात. मधे पाच-सहा हातांचं अंतर आणि लोखंडी गज. तुम्हाला तेवढ्यावरूनही जमत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे मी तुम्हाला हेच सांगणार आहे.

तुम्ही घरी आलात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताटवाटी वेगळी ठेवा, उकळून घ्या, मोकळी हवा असू दे, लहान मुलाला जवळ झोपवू नका. एवढंच. बाकीचं सगळं माझं. चौथीला आरोग्याचा धडा मीच शिकवते ना! तुमचं अंथरूण मागच्या पडवीत घातलं. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर मी शाळेतला खडू घेऊन या भिंतीपासून त्या खांबापर्यंत सरळ रेघ ओढली, फूटपट्टी लावून. कुशीला म्हणाले, "याच्या पलीकडे पाय टाकलास तर तंगडं मोडीन." तुमच्यादेखत म्हणाले.

तुम्ही रेघेकडे बघून हसलात. "मास्तरीण, आता मला बी शाळंत घातलीस व्हय?"

दर आठवड्याला पडवी सारवली की रेघ पुसली जायची आणि मी पुन्हा ओढायचे. समाचाराला येणाऱ्या बायकांना तुम्ही सांगायचात, "आमचा धाकला दीर औषिद करतो पिंपरीला. त्याच्या हातच्या सुयांनी मी उठनार बगा." मी मध्ये तोंड घातलं आणि चारचौघींत सांगितलं, की त्या कारखान्यातलं औषध निराळ्या रोगांवरचं, तुमच्या सुया दुसरीकडून येतात. माझं बरोबर होतं. बरोबर असून काय मिळवलं मी, सांगा. हे सुट्टीला आले तेव्हा तुम्ही त्यांच्या सदऱ्याला नुसता हात लावून बघितलात, आणि मला दिसू नये म्हणून लगेच काढून घेतलात.

मग तो दिवस. मी शाळेतून आले तर कुशी पडवीत. तुम्ही जेवत होतात आणि ती रेघेच्या पलीकडे, तुमच्यापासून हातभर अंतरावर, गुडघा वर घेऊन बसलेली. तुम्ही तिला हाकलत होतात, "जा गं बाय, जा माघारी," आणि ती हलत नव्हती. मी तिचा दंड धरून ओढलं आणि थोबाडीत दिली. गालावर पाच बोटं उठली.

"तुम्हाला कळत नाही का, अक्का? पोरगी मारायचीय का माझी?"

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "तिला मारू नगंस. मी न्हाई जेवत तिच्याम्होरं."

दुसऱ्या दिवशी तुमचं ताट मीच घेऊन आले. तुम्ही ते उचललंत आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. तुम्ही जेवताना पोरीला दिसू नये, तिला तिकडे यावंसं वाटू नये, म्हणून. मी दारात उभी होते. तुमची पाठ दिसत होती, खोकल्याने मधूनच हलणारी. चुलीकडे तोंड करून धा वरसं, हे तुम्ही सांगितलेलं मी विसरले नव्हते. त्या क्षणी आठवलं, आणि आठवूनही मी आत गेले. तव्यावर भाकरी होती.

बरं वाटत असलं की पडवी तुम्हीच सारवायचात. एकदा मी घरी आले तर सारवण वाळलेलं आणि रेघ आधीच ओढलेली. वाकडीतिकडी, मध्येच जाड, मध्येच तुटलेली. आणि माझ्या नेहमीच्या रेघेहून चांगली दीड हात तुमच्या बाजूला सरकलेली.

"ही कुणी ओढली?"

"म्या. खिडकीत तुजा खडू व्हता."

"एवढी पलीकडे का? पोरगी जवळ यावी म्हणून?"

माझा आवाज शेजारपर्यंत गेला असेल. तुम्ही नुसतं बोट दाखवलंत. तुमचं अंथरूणही तेवढंच मागे सरकवलेलं होतं, पार मागच्या भिंतीला टेकलेलं, पावसाची झड येते त्या कोपऱ्यात. "पोरीला खेळाया जागा कमी पडती. मला काय, पडायापुरती बास."

अंतर तेवढंच होतं. कमी झाली होती ती तुमची जागा. मी माझी पिशवी उचलली आणि आत गेले. चुकलं माझं, हे दोन शब्द त्या दिवशी अगदी ओठांपर्यंत आले होते, खरंच. ती रेघ मी पुसली नाही. त्यानंतर पडवी सारवली गेली नाही. तुमच्या अंगात त्राण उरलं नाही, आणि मला म्हणे सवड नव्हती.

आता त्या रविवारचं लिहायला हवं. तुम्ही दोन दिवस धड काही घेतलं नव्हतं. मी ज्वारीच्या पेजेचं वाडगं आणलं, रेघेच्या पलीकडे सरकवलं आणि वळले.

"बस की जरा," तुम्ही म्हणालात.

आठ वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी बसले. पण दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती, डेप्युटी साहेब यायचे होते. तेव्हा उठून आतून वह्यांचा गठ्ठा आणला आणि मांडीवर घेतला. तुम्ही दोन-चार घोट घेतलेत. मी बरोबर-चूक करत पानं उलटत होते. मध्ये तुम्ही काहीतरी बोललात आणि मी "हूं" म्हटलं. काय बोललात ते मला आठवत नाही, अक्का. गेले पंधरा दिवस मी डोकं खाजवते आहे. कान होते, मी चार हातांवर बसले होते, आणि मला ते ऐकूच आलं नाही. मान वर केली तेव्हा वाडगं खाली ठेवलेलं, निम्म्याहून जास्त पेज तशीच. तुम्ही माझ्या हातांकडे बघत होतात.

"संपवा की," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. तुला काम हाय."

उद्या तपासणी झाली की निवांत बसू, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं असतं तर निदान तुम्हाला कळलं असतं.

सोमवार तपासणीत गेला. मंगळवारी सकाळी तुमचं वाडगं भरून ठेवलं आणि शाळेत गेले. अकराच्या सुमारास थोरले भाऊजी वर्गाच्या दारात आले. धाकट्या भावजयीशी ते थेट बोलत नाहीत, घरची रीतच तशी. पोरांकडे बघत म्हणाले, "बाईस्नी म्हनावं, घरला चला." मी धावत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. रक्ताची उलटी झाली आणि हाक मारायच्या आत गेली, असं ते शेजाऱ्यांना सांगत होते. ते गोठ्यात होते. कुशीला कुणी तरी आपल्या घरी नेलं होतं. तुमच्या उशाशी वाडगं होतं, रिकामं, पुसून घेतल्यासारखं. त्या गर्दीत कुत्रं आत शिरलं असेल आणि त्याने चाटलं असेल, असं मी धरून चालले. हे सगळे दिवस ते वाडगं माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही. तुम्ही शेवटीही उपाशीच गेलात, आणि ती पेज कुत्र्याच्या पोटात गेली.

आपलं भांडण मिटलेलं नाही. गेल्या आठवड्यात यांनी कुशीचा फोटो काढून आणला. छाती स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी घेतलीत ते बरं केलंत. म्हणजे रेघ बरोबर होती. उद्या पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा ओढेन, तश्शीच, फूटपट्टी लावून. हे तुम्हाला तोंडावर सांगायलाही मी कचरणार नाही. पण रेघेच्या अलीकडे बसायला मला कुणी मना केलं होतं? तुम्ही तर खिडकीच्या गजांआडून माझ्यासमोर उभ्या राहिलात. मला चार हातांवरून जमलं नाही. हातातलं खाली ठेवायचं आणि तुमचं जेवण होईतोवर तुमच्याकडे बघायचं, त्याला फायनल पास असावं लागत नव्हतं. मी पोरीचं नाव पुढे केलं. खरं सांगू? मला तुमच्या तोंडाकडे बघायची भीती वाटत होती. तुम्ही चाललात हे तिथे दिसत होतं. वहीत बघितलं की दिसत नव्हतं.

आज सकाळी भाऊजी कुशीला म्हणाले, "कुशे, आयला म्हनावं, पडवी सारवून घ्या. तेरावं झालं, लोक नावं ठिवत्यात." आणि स्वतःच पाटीभर शेण आणून ठेवलं. मी सकाळपासून टाळते आहे. सारवलं की तुमची रेघ जाणार. तुमच्या हातचं अक्षर म्हणावं असं या घरात तेवढंच आहे. तुम्ही एकदाच खडू धरलात आणि तोही स्वतःची जागा कमी करायला.

इथवर लिहिलं आणि कुशी शेजारून खेळून आली. आत गेली, दुरडीवरचं फडकं उचलल्याचा आवाज आला.

"आई, तू जेवली न्हाईस."

"भूक नाही."

ती थोड्या वेळाने माझं ताट दोन्ही हातांनी धरून आली, सांडू नये म्हणून पाय घासत. मोडलेली भाकरी, वाटीत कालवण. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसली. एक गुडघा वर, त्यावर दोन्ही हात.

"काय बघतेस?" मी खेकसले. सवयीने.

"मोठी आय म्हनली व्हती. आई येकटी आसली का नीट जेवत न्हाई. तिच्याम्होरं बसत जा."

"कधी म्हणाली?"

तिने आधी रेघेकडे बघितलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. का बघते ते मला कळलं. मी हात पदराखाली घेतला.

"मारणार नाही. सांग."

"त्या दिशी. तू शाळंत गेल्यावर. मोठी आय पेज खात न्हवती. मग मी बसले. मग खाल्ली. समदी खाल्ली, वाडगं बोटानं पुसून." आणि मी काही बोलायच्या आत घाईघाईने, "मी अलीकडंच व्हते, आई. रेघंला पाय सुदिक लावला न्हाई. देवाशप्पत."

"भिंतीकडे तोंड करून खाल्ली?"

"न्हाई. माज्याकडं बघत."

मी तिला जवळ ओढलं. ती आधी दचकली, अंग चोरून घेतलं, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. किती वेळ रडत होते ठाऊक नाही. तिने मला रडू दिलं. नंतर स्वतःच उठली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली, कारण ताट तसंच होतं.

वही बाजूला ठेवली होती, ती आता पुन्हा घेतली आहे, एवढं लिहून ठेवण्यापुरती. शेण भिजवलं आहे. उद्या सकाळी शाळेच्या आधी पडवी सारवीन. कुशी म्हणते, तीही हात लावणार.

मी जेवले. मोडलेली भाकरी संपली आणि हात दुसरीकडे गेला. तेव्हा ती पोर जराशी पुढे वाकली. तुम्ही वाकायचात तशी, माझ्या वाटीत डोकावून.

"कालवण घालू?" तिने विचारलं.

मी वाटी पुढे केली, अक्का.